आपला माणूस निवडून आला त्या वर्षी

बाळांनो, परवा फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, कौन्सिलच्या इलेक्शनला मी कोणाला व्होट करू?" तुमच्या स्कॉटलंडात सोळाव्या वर्षीच मत देता येतं हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मी "आईला विचार" म्हणून सुटले. खरं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. वाचायला अवघड गेलं तर आई वाचून दाखवेल.

इथे ऑकलंडच्या दक्षिणेला, आमच्या उपनगरात, कौन्सिलचा एक जुना लाकडी हॉल होता. दर शनिवारी सकाळी दोन तास मी तिथे मराठीचा वर्ग घेत असे. अठरा मुलं होती. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, तुमच्यासारखीच. पण दोन तास भाषा कानावर तरी पडायची. हॉल आम्हाला मिळाला तो कौन्सिलच्या स्थानिक बोर्डावर निवडून आलेल्या एका गोऱ्या बाईंमुळे. त्या निवृत्त नर्स, आमच्याच रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या. आमच्यासाठी त्या दोनदा बोर्डाच्या बैठकीत भांडल्या आणि किल्ली माझ्या हातात देताना म्हणाल्या, "जाताना हीटर बंद कर, एवढंच."

मग निवडणूक आली. आपला एक पुण्याचा मुलगा, आयटीतला, बोर्डासाठी उभा राहिला. त्याची मुलगी माझ्याच वर्गात होती. घरी आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, आपलं कोणीतरी आत हवं की नको?"

"हवंच. पण हॉल विकणार अशी कुजबुज आहे, त्याचं काय?"

"मी असताना? काकू, माझी पोरगी शिकते तिथे!"

त्याने सोबत एक परिच्छेद आणला होता. मतपत्रिकेबरोबर उमेदवारांच्या माहितीची एक पुस्तिका घरोघरी पोस्टाने येते, तिच्यात तो छापायचा होता. मी पुण्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. लाल पेन घेऊन बसले, दोनतीन वाक्यं सुटसुटीत करून दिली. त्यातलं एक वाक्य असं होतं, की कमी वापरातल्या इमारती विकून घरपट्टी आटोक्यात ठेवू. ते मला आवडलं. नेटकं वाटलं. आठवड्यातून एकदा उघडणारा आमचा हॉल त्या वाक्यात बसतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. त्याच्या डोक्यात नसेल का?

मतदान इथे घरबसल्या होतं. मतपत्रिका नेमक्या नवरात्रात आल्या, आणि आमचा भोंडला हॉलमध्येच ठरलेला. मी सगळ्या बायकांना निरोप धाडला, येताना मतपत्रिकेचं पाकीट घेऊन या. पाटावर हत्ती मांडला, फेर धरून गाणी झाली आणि खिरापत ओळखायची वेळ आली, तेव्हा मी डब्यांवर हात ठेवून उभी राहिले.

"आधी मत, मग खिरापत!"

"बाई, शाळा सुटून वीस वर्षं झाली हो आमची," एक जण म्हणाली.

"माझ्या नवऱ्याचंही पाकीट आणलंय, तेही भरून टाकू का?"

"नाही! त्याचं त्याला भरू दे."

"त्याला कोण सांगणार कोणाला द्यायचं?"

"तूच सांगशील, रोज सांगतेस तसं," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

पुस्तिका कोणीच उघडली नाही. "आपला माणूस कुठला तेवढं दाखवा," म्हणाल्या, आणि मी मतपत्रिकेवर बोट ठेवून दाखवलं. त्या गोऱ्या बाईंचं नाव दोनच ओळी खाली होतं. एकीने विचारलं, "आणि या? यांनीच ना हॉल दिला?" मी म्हटलं, "त्या येतीलच गं निवडून, नेहमीच येतात." मग आम्ही कडबोळी खाल्ली आणि परतताना सुपरमार्केटात ठेवलेल्या नारंगी मतपेटीत पाकिटं टाकली.

तो निवडून आला. बाई थोडक्यात पडल्या.

काही महिन्यांनी हॉलचा विषय बोर्डापुढे आला. बैठकीत आपल्यालाही पाच मिनिटं बोलू देतात. मी बोलले. तो समोर बसला होता आणि पूर्ण वेळ कागद चाळत होता. विक्रीच्या बाजूने कोण, असं अध्यक्षांनी विचारल्यावर त्याने हात वर केला. इतरांची वाट पाहून नव्हे; पहिला हात त्याचाच होता.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं. "तू मला शब्द दिला होतास."

"काकू, प्लीज पर्सनली घेऊ नका. मी लिहूनच दिलं होतं ना लोकांना? तुम्हीच तर तपासलं होतं."

लोक म्हणतात, राजकारणात असंच चालतं. असेल. पण तो माझ्या घरी जेवला होता, माझ्या पाया पडला होता, आणि मी तपासलेला कागद त्याने माझ्याच तोंडावर धरला. तुमचे आजोबा गेले त्यानंतर इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्याच्या टोकाला गेले आणि त्या बाईंना सगळं सांगितलं, भोंडल्यासकट. त्यांनी चहा केला.

"मला मत दिलं नाहीस, त्याचं काही नाही," मग म्हणाल्या. "पण एकदा माझं दार वाजवून विचारायचं होतंस. सहा घरांवर तर राहतेस." दारापर्यंत मात्र त्या सोडायला आल्या नाहीत. अजूनही रस्त्यात भेटल्या की 'किया ओरा', म्हणजे इथला माओरी नमस्कार, म्हणतात आणि चालू लागतात.

तेव्हा थोरले, कोणाला मत दे हे मी सांगणार नाही. माझ्या सांगण्यावरून एकदा बऱ्याच जणींनी दिलं आहे.

हॉल पाडला. तिथे आता घरं बांधताहेत. त्याच्या मुलीचं नाव त्याने वर्गातून काढलं, आणखीही काही मुलं गळली. शनिवारचा वर्ग आता माझ्या गॅरेजमध्ये भरतो. सहा मुलं येतात.