आधी बाप, मंग पोर

आमच्या गल्लीतला क्विंटल आप्पा जीपमध्ये मागच्या बाकावर बसला की पुढची चाकं जमिनीवरून उचलली जायची आणि म्हसावदपर्यंत ड्रायव्हर स्टिअरिंग नुसतं शोभेला धरून बसायचा. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. विश्वास बसत नसेल तर त्या ड्रायव्हरला विचारा. तो आता या जगात नाही, त्याला माझा नाइलाज आहे. एकदा कापसाच्या खरेदीवर पोरांनी आप्पाला मजेत काट्यावर उभं केलं. काटा क्विंटलच्या पुढे गेला, थरथरला आणि लाजून परत शून्यावर येऊन बसला. तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त रेशन कार्डावर उरलं. आमच्या कळसाडीत तो क्विंटल आप्पा झाला.

बिथरलेल्या बैलाची शिंगं धरून त्याला जागच्या जागी खाली बसवणारा हा माणूस. बैल त्यानंतर दोन दिवस कोणाच्या नजरेला नजर देत नसे. पण अख्ख्या शहादा तालुक्यात आप्पा एकाच प्राण्याला भ्यायचा. तो प्राणी म्हणजे त्याची पोरगी काजल, अंगाने जेमतेम ओल्या गोधडीएवढी.

काजल अजून नीट बोलत नव्हती तेव्हा तिची आई तापाने गेली. आप्पाच्या बहिणीने, म्हसावदच्या फुईने, दहाव्याच्या दिवशीच सांगून टाकलं की पोर माझ्याकडे दे, तुझ्या हाताला रेडकूसुद्धा नाजूक वाटतं, तू पोर काय सांभाळणार. भावकीने दुसरं लग्न सुचवलं. आप्पा सगळ्यांचं ऐकून घेत बसला आणि मग पोर उचलून शेतात निघून गेला. फुई वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. आप्पाला मात्र पोर उचलताना ती कशी धरायची हेही माहीत नव्हतं. कडेवर घ्यायचा तर कड सापडायची नाही, म्हणून पहिले काही महिने त्याने तिला खांद्यावर बसवूनच वाढवलं. पोरीने जग आधी वरून पाहिलं, मग खालून.

आप्पाच्या हातात एक कला होती. अंबाडीच्या वाखाचा दोर वळावा तर त्यानेच. बैलांचे कासरे, विहिरीचे दोर, सगळ्या गावाला तोच वळून द्यायचा. काजल शाळेत जायला लागली आणि वेण्या घालायची वेळ आली, तेव्हा त्याने डोकं चालवलं. वाख आधी भिजवतात, प्रत्येक पदराला पीळ देतात आणि मग पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणून वळतात. त्याने केसांनाही तेच केलं, फक्त अंगठा वगळला. त्या वेण्या सोमवारी घातल्या तर रविवारपर्यंत सुटायच्या नाहीत. त्यांना बैल बांधला असता तर बैल थांबला असता. ताणाने पोरीच्या भुवया कपाळावर चढलेल्या असायच्या. पहिलीच्या बाईंना वाटायचं, ही मुलगी प्रत्येक धड्याला किती आश्चर्यचकित होते. त्यांनी तिला वर्गात पुढे बसवलं. शेवटी माझ्या बायकोने एक दिवस त्या वेण्या सोडल्या, तेव्हा पोर पहिल्यांदा पापण्या पूर्ण मिटून झोपली. आप्पा उंबऱ्यात उभा राहून ते बघत होता. मग त्याने आमच्या म्हशीच्या शेपटीवर सैल वेणी घालायचा सराव सुरू केला. म्हशीला ते इतकं आवडलं की पुढे वेणी घातल्याशिवाय ती पान्हा सोडेना.

तेव्हा माझी पिठाची गिरणी होती. गिरणी म्हणजे बायकांची विधानसभा. आप्पा ज्वारीचा डबा घेऊन यायचा आणि डब्याबरोबर एक प्रश्न आणायचा. पोर भाकरीचा पापुद्राच खाते, चालेल का? खोकल्यावर हळद द्यायची की अडुळसा? ती खोटं बोलली तर मारायचं की ऐकून घ्यायचं? एक म्हणे मारा, एक म्हणे मारू नका. आप्पा सगळ्यांचं मानायचा. एका हाताने पाठीत चापटी द्यायचा आणि दुसऱ्याने तिथेच चोळायचा. जाताना माझ्याकडे वळून ठरलेला प्रश्न विचारायचा, “मी बरोबर करी ऱ्हायनू ना, भाऊ?”

मी पट्टा चालू करता करता हो म्हणून टाकायचो. मला स्वतःला तीन पोरं. त्यांना बायकोने वाढवलं आणि मी त्यांची नावं लक्षात ठेवली. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, म्हणून उत्तर देणं फार सोपं जायचं.

आता आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं सांगतो, कारण आप्पा खरा दिसायचा तो आखाजीला. आमच्याकडे लेकी दिवाळीला येतील न येतील, पण आखाजीला माहेरी येतातच. आमरस होतो, गाणी होतात आणि पाराजवळच्या निंबाला मोठा झोका बांधला जातो. काजल पाच-सहा वर्षांची असताना कोणीतरी विहिरीचा जुना दोर झोक्याला बांधला. तो तुटला. गल्लीतली नुकती सासरहून आलेली एक पोरगी खाली पडली आणि तिचा हात मोडला. तिच्यानंतर झोक्यावर चढायला काजल उभी होती.

दुसऱ्या वर्षी आखाजीच्या महिनाभर आधी आप्पाने दोर वळायला घेतला. मनगटाएवढा जाड. झोका बांधून झाला, पोरी धावल्या, तर हा मध्ये आडवा. म्हणाला, “आधी बाप बठी, मंग पोर.” आणि स्वतः फळीवर बसला. निंबाने जो आवाज काढला तो मी आजवर कुठल्या झाडाच्या तोंडून ऐकलेला नाही. कावळे उडाले ते मध्य प्रदेशात जाऊन बसले. आप्पा डोळे मिटून, दोर घट्ट धरून, शांतपणे झोके घेत होता. खाली लेकीबाळी हसून हसून लोळत होत्या. त्यातली एक, आता तरी उतर म्हणून ओरडली, “आप्पा, उतर ना आते, आम्हले सासरले परत जानं शे.”

दोर टिकला. आप्पा उतरला आणि बाजूला न जाता झोक्याच्या खालीच उभा राहिला, कापसाचं गाठोडं झेलायला उभं राहतात तसा, दोन्ही हात पुढे करून. पोरी झोके घेत होत्या तोवर ते हात खाली आले नाहीत. पुढे दर आखाजीला हेच. गावाला त्याची सवय झाली. आप्पा बसून उतरला नाही तोवर कोणाची आई पोरीला फळीवर चढू देईना.

हळूहळू हा नियम निंबावरून खाली उतरून घरात आला. काजलच्या तापाची गोळी आधी आप्पा चाखायचा. पाटावरच्या फळकुटाच्या पुलावरून आधी तो जायचा आणि मागून येणाऱ्या पोरीला पूलच उरायचा नाही. तिची नवी सायकल आली तेव्हा आधी तो बसला. ती सायकल पुढे आम्ही वेलांना मांडव म्हणून वापरली.

काजल बारावी झाली आणि तिने नाशिकला नर्सिंगला जायचं ठरवलं. नंबरही लागला. गिरणीत दोन तट पडले. एक म्हणे पाठव, पोर पायावर उभी राहील. दुसरा म्हणे वयात आलेली पोर, आईबिगर वाढलेली, परक्या शहरात काही झालं तर लोक तुलाच विचारतील. फुई म्हसावदहून एक स्थळ घेऊनच आली. आप्पाने तिला चहा पाजला आणि हो नाही काहीच म्हटलं नाही. घरात काजलने पेटी भरून ठेवली होती, ती रोज उघडून परत भरायची. बापाला एका शब्दाने विचारत नव्हती.

त्या आठवड्यात आप्पा गिरणीत आला, पण डबा आणला नव्हता. पोत्यावर बसला. पोत्यातले गहू जागच्या जागी दळले गेले असावेत. मग म्हणाला, “दोरवर बठता येस, भाऊ. नाशिकवर कसं बठू?”

मी आयुष्यात एकाही प्रश्नाला उत्तराशिवाय परत पाठवलेलं नाही. नसलं तर तिथल्या तिथे बनवून दिलं आहे. त्या दिवशी मात्र गिरणीच बंद केली. शेवटी म्हणालो, जाऊन बसून तर बघू.

म्हणून आम्ही तिघं नाशिकला गेलो. होस्टेलात शिरल्यापासून आप्पाने तपासणी सुरू केली. खिडक्यांचे गज हलवले. दोन तसे हलले, ते काढून वॉर्डनबाईंच्या टेबलावर ठेवले. नळाचं पाणी प्याला. मेसमध्ये जेवला. त्या दिवशी मुलींना संध्याकाळी खिचडी मिळाली असं नंतर कळलं. मग वॉर्डनबाईंनी वरच्या खोलीत काजलला दिलेली खाट दाखवली. वॉर्डनबाई थांबा म्हणेपर्यंत आप्पा बसला होता. खाटेचे पुढचे दोन पाय देवाला नमस्कार करावा तसे वाकले. खोलीतल्या मुली तोंडावर ओढणी दाबून पळाल्या. काजल लाल झाली होती. वॉर्डनबाईंनी एकदा खाटेकडे, एकदा आप्पाकडे पाहिलं आणि शिपायाकडून दुसरी, लोखंडी जाड पायांची खाट आणवली. आप्पा त्या खाटेवर बसला.

ती हलली नाही. वाकलीही नाही. खाट चांगली निघाली, हीच पंचाईत झाली. आता उठायला हवं होतं आणि आप्पा उठत नव्हता. दोन्ही हातांनी खाटेची कड धरून बसून राहिला, निंबाखाली दोर धरायचा तसा. वॉर्डनबाईंना म्हणाला, इथं ही पोर पडली, तर उचलील कोण? बाई काही बोलणार तोच काजल त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडलीही नाही. ज्या पोरीने आयुष्यभर बाप उतरायची वाट पाहिली होती, तिच्या आवाजात म्हणाली, “पडसू तं मीच उठसू, आप्पा. तू उतर आते.”

आप्पाने खाटेची कड सोडली. मग उतरला. तिची एक वेणी सुटत आली होती, ती त्याने परत घातली. सैल घातली.

परतीच्या बसमध्ये मालेगाव गेलं, धुळं गेलं. मी त्याला माझ्या ठेवणीतल्या तीन गोष्टी सांगितल्या, त्यातली एक तर जवळजवळ खरी होती. तो हसला नाही. शिरपूरच्या पुढे त्याने तो जुना प्रश्न विचारला, मी बरोबर केलं ना म्हणून. इतकी वर्षं मी हो म्हणत आलो होतो. त्या दिवशी त्याचे हात पाहिले. ते मांडीवर होते, पण तळवे वर आणि बोटं पुढे, काहीतरी झेलायला ठेवल्यासारखे. खोटं बोलवेना. म्हणालो, “माले माहीत नही, आप्पा. कोनलेच माहीत नही ऱ्हास.”

मला वाटलं, हा आता बसमधून उडी मारून मागे पळत जाईल. उलट त्याने मोठा श्वास सोडला, जणू इतकी वर्षं हेच कोणीतरी सांगावं म्हणून तो गिरणीत येत होता. आणि झोपला. त्याच्या घोरण्याने बसच्या काचा शहाद्यापर्यंत टाळ्या वाजवत आल्या.

काजल पडली का? पडली. पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाली, एकदा न सांगता पेटी घेऊन घरी आली, चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी स्वतःच परत गेली. त्या चार दिवसांत आप्पाने तिला काही विचारलं नाही. फक्त ती निघाली तेव्हा बसमध्ये चढून तिच्या सीटवर आधी बसून पाहिलं. आता ती नवापूरकडे एका दवाखान्यात नर्स आहे. लग्न तिने स्वतः जमवलं. जावई नाशिकचे, शिकलेले, अंगाने सडपातळ. आप्पाने त्यांना पाहून माझ्या कानात विचारलं होतं, भाऊ, हे झोक्यावर बसले तर दोराला कळेल तरी का?

साखरेच्या आजाराने आप्पा शेवटी फार उतरला. शर्ट कोणा दुसऱ्याचा वाटायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याला उचलायला गाव लागेल, ट्रॅक्टर लागेल, असं आम्ही जन्मभर म्हणत आलो होतो. चौघांनी उचलला. चौघांना जड झाला नाही. याच्यावर मला एकही गोष्ट रचता आलेली नाही.

यंदा आखाजीला काजल आली, चार वर्षांच्या लेकीला घेऊन. दोर वळणारा नव्हता, म्हणून पोरांनी शहाद्याहून निळा नायलॉनचा दोर आणून निंबाला बांधला. चांगला होता. पण झोक्याजवळ कोणी जाईना. लेकी उभ्या, त्यांच्या आया उभ्या, फळी रिकामी हलत होती. आप्पाची नात धावत निघाली, तर काजलने तिचा हात धरला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, आधी बाप.

जावईबापूंनी चष्मा खिशात ठेवला आणि बसले. दोराला खरंच कळलं नाही. निंब गप्प. काजल मान हलवेना. मग मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो. तरी तिचं समाधान होईना. मग शेजारचा आला, मग त्याचा भाऊ, मग सरपंच आपल्या पोटासह आले. फळीवर मावतील तितके बसले, बाकीचे दोराला लोंबकळले. अख्ख्या गल्लीचे बाप एका झोक्यावर, आणि मी शपथेवर सांगतो, सगळे मिळून आम्ही आप्पाच्या वजनाला आलो नाही. पण निंब कुरकुरला. ओळखीचा आवाज ऐकला तशी काजल तोंड फिरवून उभी राहिली.

आम्ही मात्र तिथेच. दोर टिकला होता, उतरायला काही हरकत नव्हती, तरी कोणी उतरेना. शेवटी ती चिमुरडी कंटाळली. कमरेवर हात ठेवून बापाला म्हणाली, “उतर ना आते.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि एकेक करून उतरलो. पोर चढली. काजलने मागून ढकललं. झोका वर गेला, फांद्यांपर्यंत, आणि जावईबापूंनी हळूच मला विचारलं, काका, गाठ नीट बसलीय ना? मी म्हणालो, माहीत नाही. ते हसले नाहीत, मीही हसलो नाही. झोका खाली येत होता. आम्ही दोघंही त्याच्या खाली उभे होतो, हात पुढे करून.