ती काय जेवली

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय? कुणाचं चोरलं नाही, कुणाला उपाशी ठेवलं नाही — अशी मीच माझी समजूत घालत आले.

आता भूगावच्या फ्लॅटमध्ये राहते, पण कोळवणच्या सासरच्या त्या दुपारी फार आठवतात. आमच्या खोलीत भाड्याने राहिलेली पुण्याची बाई जाताना एक कादंबरी ठेवून गेली होती. लग्नकार्यात स्वयंपाक करणाऱ्या घरातल्या एका सुनेची गोष्ट — आणि पानोपानी खाणं! सासूबाई तांदूळ निवडायच्या, मी मोठ्याने वाचायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि डॉक्टरांनी गोड, तिखट, तळलेलं सगळंच बंद केलेलं. हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या आल्या की त्यांचे हात थांबायचे. "दमानं वाच गं," म्हणायच्या. एकदा रश्शाचं वर्णन ऐकून नाक मुरडलं, "मसाला कच्चा ठिवलाय तिनं. वास येतोय." किती हसलो होतो आम्ही!

मग शेवटचं प्रकरण आलं — कसं सांगू? आमच्याकडे सून सगळ्यांना वाढून मागाहून जेवायची. सासूबाईही जन्मभर तशाच जेवल्या. ते प्रकरण मी एका सकाळी, सगळे शेतावर गेल्यावर, एकटीने वाचलं. कुणाला वाढायचं नव्हतं. अगदी चाटूनपुसून वाचलं — आणि मग कुणाला द्यावंसंच वाटेना. हावरटपणा, दुसरं काय?

दुपारी मी सासूबाईंना म्हणाले, "पुस्तक संपलं, आत्या."

"आन ती सून? समद्यास्नी वाढून जेवली का न्हाई?"

"जेवली की."

"काय जेवली?"

"त्ये काय लिवलेलं न्हाई."

मग सूप पुढे ओढत म्हणाल्या, "आपलं कोन लिवतंय?"

तेव्हाही बोलता आलं असतं ना मला? पुस्तक मागच्या फडताळातच होतं. नाही बोलले. भाताची कापणी यायच्या आत त्या गेल्या.

लिहिलं होतं. त्या सुनेला तिच्या सासूने पाटावर बसवलं, गरम भातावर तुपाची धार धरली, पातोळ्या आग्रहाने वाढल्या, आणि तिचं पोट भरेपर्यंत शेजारी बसून राहिली. चांगलं पानभर लिहिलं होतं.