दाजी आणि टीव्हीची मागची बाजू

माणसांना छळण्यासाठी देवाने जे जे निर्माण केलं, त्यात ढेकूण, कचेरीतले कारकून आणि आमचे पाथरीचे दाजी यांचा नंबर फार वरचा लागतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गल्लीत पहिला टीव्ही त्यांनी घेतला, आणि तो बघायचा असतो एवढं सोडून त्याच्याबद्दलचं सगळं त्यांना ठाऊक होतं. चित्र चौकटीत नीट बसलं पाहिजे, हा एकच ध्यास. कार्यक्रमाआधी पडद्यावर ते गोल वर्तुळ आलं की स्वयंपाकघरातली थाळी आणून काचेवर धरायचे. वर्तुळ थाळीपेक्षा जरा लांबट दिसलं की पेचकस घेऊन मागचे स्क्रू पिळायला टीव्हीमागे गडप. तिथून त्यांना चित्र दिसत नसे, म्हणून समोर बसलेल्यांनी ओरडून सांगायचं.

"आता बगा, आलं का?"

"पाय कापले गेले, दाजी."

"अन् आता?"

"पाय आले, डोकी गेली."

निम्मा सिनेमा असा जायचा. एकदा नायिका शेवटच्या घटका मोजतेय, बायकांनी डोळ्यांना पदर लावलेत, तर हे मागून विचारतात, "ती जाड दिसायली का बारीक?" हळूहळू शेजारी येईनासे झाले. "लोकायला कदर न्हाई," असं दाजी म्हणायचे. अशा माणसाच्या तोंडी कोण लागणार!

मग त्यांचा मुलगा छात्रसेनेतून दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी निवडला गेला. त्या सकाळी अख्खी गल्ली पुन्हा जमली. ताईने तर टीव्हीलाच हळदकुंकू लावलं. छात्रांची तुकडी येणार म्हणताच चित्र जरा दबलं, आणि दाजी उठून मागे.

"अहो, ऱ्हाऊ द्या आता, पुढं या!" ताई कळवळली.

"पोरगं बुटकं दिसंल ना! एकच मिनिट."

त्या मिनिटात तुकडी आली आणि गेली. दाजी घाम पुसत पुढे आले, तेव्हा पडद्यावर कुठल्याशा राज्याचा चित्ररथ चालला होता.

"दिसला का?"

एकसारख्या टोप्यांतली ती शंभरेक पोरं, कोण ओळखणार? ताईला तर डोळे भरून आल्यामुळे काहीच दिसलं नव्हतं. मी म्हणालो, "दिसला ना. पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरा."

"उंच दिसायलता का?"

दाजींनी चित्र इतकं ताणलं होतं की सगळी तुकडीच ताडमाड झाली होती. "लय उंच, दाजी," मी म्हणालो.

ते माझ्याशेजारी सतरंजीवर बसले आणि पेचकस बाजूला ठेवून चित्ररथ बघत राहिले. त्यांची इतकी वर्षं केलेली टवाळी त्या वेळी माझी मलाच नकोशी झाली.