पायलीभर धानाची निवडणूक

पतिरामभाऊ बिसेन माझ्याकडे पहिल्यांदा आला तो १९९९ साली, गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी. कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली मी तेव्हाही टाइपरायटर घेऊन बसायचो. लोक सातबाराचे, रेशन कार्डाचे अर्ज घेऊन येत. या बाबाचं भलतंच. निवडणुकीचा खर्च उमेदवाराने करू नये, सरकारने करावा, असं लिहून दे म्हणाला.

"भाऊ, तू इलेक्शनले उभा होऊन राहिला का?"

"नाही," तो म्हणाला. "ज्याच्यापाशी पैसा नाही तो उभाच होऊ शकत नाही, हे मले पटत नाही." एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं.

कामठ्याच्या पुढे त्याचं गाव, तीन एकर धान, एक सायकल. दर निवडणुकीला माणूस हजर. अकरा वर्षांत मी त्याचे चाळीसेक अर्ज टाइप केले, काही कलेक्टरला, काही आयोगाला, काही थेट मुंबईला. उत्तरं आली तीन, आणि तिन्हींत एकच ओळ, की आपला अर्ज पुढे पाठवला आहे. मी चिडवायचो, "तुझा अर्ज आतापावतर दिल्ली पार करून गेला असन." तो हसायचा नाही. शब्द न् शब्द वाचून घ्यायचा, मगच सही करायचा.

२०१० च्या ग्रामपंचायतीला त्याने डोक्यात घेतलं, सरकार करत नाही तर गाव करेल. आमच्या भागात दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे गावची जत्रा. घरटी पायलीभर धान गोळा होतं, त्यातून मंडप, भोंगा, नाटक. कोणी किती दिलं ते लिहायची रीत नाही. लिहिलं की देणारा रुसतो. पतिरामभाऊ दारोदार फिरला. म्हणाला, निवडणूकही मंडईवानीच करू. एक मंडप, एक भोंगा, सगळ्या उमेदवारांची नावं असलेलं एकच पत्रक. बोलायचं त्याने तिथूनच बोलावं. लोकांनी धान दिलं. खरंच दिलं, मलाच नवल वाटलं.

त्या भरवशावर दुर्पताबाई उभी राहिली. बिड्या वळून दोन पोरी वाढवणारी विधवा. तिच्या टोलीवर, गावाबाहेरच्या वस्तीत, हातपंप नव्हता, बाया अर्धा कोस चालून पाणी आणत. मेंबर होऊन तिला तेवढा हातपंप आणायचा होता. समोर खेमराज ठेकेदार. मंडपात तो हात जोडून दहा मिनिटं बोलला आणि मंडपाबाहेर बकरे कापले, साड्या वाटल्या. तरी दुर्पताबाई अकरा मतांनी आली. त्या दिवशी पतिरामभाऊने मला आलूपोहा खाऊ घातला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिथेच थांबायचं होतं गा त्यानं. पण त्या साड्या काही त्याच्या डोक्यातून जाईनात. दोन महिन्यांनी आला. "खेमराजनं इलेक्शनच्या खर्चाचा हिशोब खोटा देल्ला असन. टाइप कर. सगऱ्यायचे हिशोब तपासा, ज्यानं नाही देल्ला त्याले काढा." मी टाइप केलं, आणि भाषा जोरदार व्हावी म्हणून आपल्या मनानेच शेवटी ठोकलं, 'कोणासही सूट न देता.' त्याला ते फार आवडलं. दोनदा वाचायला लावलं.

चाळीस अर्ज वाया गेले, याच एकावर कार्यवाही झाली. खेमराजचा हिशोब वेळेत, पावत्यांसकट, मर्यादेच्या आत. साड्यांची पावती कोण फाडतो? बाकीच्यांचेही हिशोब होते. नव्हता तो एकट्या दुर्पताबाईचा. तिने रुपया खर्च केला नव्हता, म्हणून कागदच दिला नाही. पण खर्च शून्य असला तरी तसं मुदतीत लिहून द्यावं लागतं. पतिरामभाऊला हा नियम पाठ होता. पण मंडईचं धान कोणाच्या नावावर लिहायचं नसतं, हे त्याच्या हाडात बसलेलं. तिचाही हिशोब द्यायचा असतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही. मी कागदावरच पोट भरतो, मला लाज वाटायला पाहिजे, आणि वाटते.

सुनावणीला पतिरामभाऊने अर्धं गाव नेलं. साहेब वाईट नव्हता. म्हणाला, माणसं नको, मुदतीत दिलेला कागद दाखवा. तो कुठून दाखवणार?

निकालाचा कागद दुर्पताबाईने वाचायला माझ्याकडेच आणला. पतिरामभाऊ सोबत होता. सदस्यत्व रद्द, पाच वर्षं उभं राहता येणार नाही. संदर्भात पहिलंच नाव अर्जदाराचं होतं. मी ते गाळून पुढे गेलो.

"गाळू नको," पतिरामभाऊ म्हणाला. "वाच."

मी वाचलं. आमच्याच अर्जातून उतरवलेलं शेवटचं 'कोणासही सूट न देता' सुद्धा वाचलं.

दुर्पताबाईने कागद माझ्या हातून घेतला. मग पतिरामभाऊला हळूच म्हणाली, "भाऊ, मी बी साड्या वाटल्या असत्या, तं मेंबर राहिली असती नं?"

तिने कागदाची घडी केली, पदरात बांधली आणि कामठ्याच्या ऑटोत जाऊन बसली. तो तिच्या मागे गेला नाही. त्यानंतर माझ्याकडेही कधी आला नाही.

पोटनिवडणुकीला कोणी मंडप टाकला नाही. खेमराज बिनविरोध आला. दुसऱ्याच दिवशी कडुनिंबाखाली हजर, खर्च शून्य असा हिशोब टाइप करून दे म्हणाला. मी टाइप करून दिला, आणि वीस रुपये घेतले.