क्लच नसलेली गाडी

जावयाने नवी गाडी घेतली ती बिनगियरची. तो घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जातो. मुलीचा आठवा महिना सरत आला होता. दिवसा कळा सुरू झाल्या तर तिला चंद्रपूरला दवाखान्यात न्यायला घरात मी एकटा. तिची आई असती तर मला कुणी बोलावलंही नसतं. ती गेल्या पावसाळ्यात गेली.

"काई नाई त्यात, मामाजी," जावई म्हणाला. "आता साऱ्या गाड्या अशाच येऊन राह्यल्या. गियरवाली पुढं भेटनारबी नाई."

"मंग माह्या डाव्या पायानं काय करावं?"

तो हसला. मी गमतीत विचारलं नव्हतं.

सारी उमर मी सिंदेवाहीकडे जीप चालवली. तलावाची मासळी बाजारात न्यायची. बाजूला बायको, तिच्या मांडीवर टोपली, आणि गियरचा दांडा तिच्या गुडघ्याला लागून. गियर बदलायची वेळ आली की ती न सांगता गुडघा सरकवायची. इंजिनाच्या आवाजावरून तिला कळायचं. या गाडीत कुणाचा गुडघा कुठेच लागत नाही. मला ती आवडली नाही, साफ सांगतो. पण आवडीचा सवालच नव्हता.

आधी मैदानात फिरवली, बरी चालली. मग तपासणीच्या दिवशी मुलीला बाजूला बसवून निघालो. जावई पाळीवर होता. वाटेतल्या कोळसा खाणीची पाळी नुकतीच सुटली होती. धुळीतून एक फटफटी एकदम आडवी आली. मी वेग कमी करायला गेलो आणि डावा पाय सवयीने क्लचवर धावला. क्लच नव्हताच. त्या पायाचा सगळा जोर ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी थांबली. मुलगी पुढे फेकली गेली, पट्ट्याने धरली. मागून हॉर्न. आरशात नुसता ट्रकच दिसत होता.

तो अगदी टेकता टेकता थांबला. ड्रायव्हर खाली उतरला.

"ओ बुढ्ढे! मरना है तो अकेले मरो ना! बाई को काहे ले जा रहे?"

खरं तेच बोलत होता तो.

गाडी कडेला घेतली. "कुठी दुखते का व?"

ती पोटावर हात ठेवून बसून राहिली. मीही तिच्या पोटाकडेच पाहत राहिलो.

"हललं," ती म्हणाली. आणि रडायला लागली. "आईनं शिव्या देल्ल्या असत्या तुमाले."

"तू दे ना मंग."

"द्याले बसली तर सांज होईल. मले ऑटो पाहून द्या, बाबा."

"आन् कळा आल्यावर? तवाबी ऑटोच पाहू?"

मी डाव्या पायातली चप्पल काढली. जेवायला बसताना दुमडतो तसा पाय दुमडून सीटवर घेतला. जीपमध्ये हे कधी जमलंच नसतं, तिथे त्या पायाला उसंत नव्हती.

"हे काय करून राह्यले?"

"ज्याचं काम उरलं नाई, त्याले घरी बसवलं."

ती हसली नाही. दार उघडून उतरली. मला वाटलं, गेली ऑटोकडे. पण तिने मागचं दार उघडलं, आत बसली, पट्टा पोटाखालून घेतला.

"हळू," एवढंच म्हणाली.

मी ट्रकांची रांग सरायची वाट पाहिली. उजवा पाय ब्रेकवरच होता. मग गाडी काढली.