पुलावरची दहा मिनिटं

गोष्टीत कोणी बदल केलेला मला खपत नाही. ही माझी लहानपणापासूनची खोड आहे. आई कहाणी सांगताना घाईघाईत दोन राण्यांच्या तीन राण्या करून बसली, की मी तिला तिथंच अडवायची आणि पहिल्यापासून सुरू करायला लावायची. म्हणूनच त्या जपानी मालिकेच्या बाबतीत मी जे केलं ते माझं मलाच पटण्यासारखं नव्हतं, आणि कित्येक वर्षं मी ते कोणाजवळ बोलले नाही.

तेव्हा आम्ही धुळ्याला देवपुरात राहायचो. वडील शाळेत शिक्षक, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. रविवारी सकाळी टीव्हीवर एक जपानी मालिका लागायची, हिंदीत डब केलेली. बर्फाच्या गावात हाताने कागद बनवणारं एक घर, त्या घरात लग्न होऊन आलेली एक मुलगी आणि तिला गोठलेल्या ओढ्यात उभी करून झाडाच्या साली धुवायला लावणारी सासू. नावं कोणाच्याच जिभेवर बसेनात, म्हणून आमच्याकडे ती नुसती ‘जपानीण’ होती.

डबिंगवाल्यांवर माझा भारी राग. जपानीण दहा सेकंद ओठ हलवायची आणि हिंदीत फक्त ‘जी’ ऐकू यायचं. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना एकाच माणसाचा आवाज, त्यामुळे एका रविवारी मेलेला आजोबा पुढच्या रविवारी पोस्टमन होऊन बोलायला लागला. पण मालिका मात्र अस्सल होती. सासू वाटेल ते बोलायची आणि जपानीण मान खाली घालून साली धूत राहायची. कॅमेरा तिच्या लालभडक झालेल्या हातांवर थांबायचा. बस. आपल्याकडे तेवढ्यात तीनदा वीज कडाडली असती आणि तिघांचे डोळे वटारलेले दाखवून झाले असते. मी आईला हे दर रविवारी ऐकवायची आणि आई म्हणायची, कपबशा उचल आधी.

माझ्यासोबत ती मालिका बघायची ती अक्का. माझी मोठी चुलत बहीण, शिंदखेड्याकडच्या आमच्या गावी शेती करणाऱ्या नानांची मुलगी. तिला पाचोऱ्याकडे दिलेली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि सण झाला की परत जातात. अक्का मागच्या आखाजीला आली ती परत गेलीच नव्हती. का, ते ती सांगत नव्हती. गावात लोक विचारायला लागले तसं नानांनी तिला शिवण शिकायच्या निमित्ताने आमच्याकडे ठेवलं.

जपानी घरात लगदा चाळणीवर पसरून त्याचा ताव फळीवर वाळत घालताना तिने पहिल्यांदा बघितला, तेव्हा ती ओरडलीच, “हाई तं बिबडा शे!” ज्वारीचा शिजवलेला घाटा ओल्या फडक्यावर थापून उन्हात वाळवायचा, म्हणजे आमचे खानदेशी बिबडे. त्या दिवसापासून जपान तिला परकं राहिलं नाही.

पण दर दोन वाक्यांनी ती विचारायची, “काय म्हने ती?” आम्ही समजलो, हिला हिंदी येत नाही. मग भाग संपल्यावर ती शिलाई मशीनवर बसायची आणि मी तिला सगळा भाग अहिराणीत सांगायची. यातही मी कडक. ती म्हणायची, सासूला ओढ्यात पाडून टाक. मी म्हणायची, नाही पडली तर कशी पाडू? जे झालं तेच सांगणार.

एकदा मात्र मी तिला दारावरच्या भाजीवाल्याशी फर्डं हिंदी बोलताना ऐकलं. पुढच्या रविवारी मी मुद्दाम तिच्या उजव्या हाताला बसले आणि हळूच म्हटलं, “अक्का, तुझी साडी जळाली बघ.” ती टीव्हीकडेच बघत राहिली. तिच्या दंडाला हात लावला तेव्हा वळून म्हणाली, “त्या बाजूनी नको बोलू. इकडथून सांग.”

दुपारी तिने सांगितलं. भाकरी करपली होती, नवऱ्याने कानाखाली मारली. त्यानंतर त्या कानात काही दिवस नुसती घूं घूं आणि मग काहीच नाही. कोणाला सांगणार नाही अशी तिने माझ्याकडून शपथ घेतली. मी चिडले. नानांना सांगून टाक म्हटलं. ती म्हणाली, “नाना म्हनतीन, एक झापट तं व्हती.” बाप असं म्हणेल याची भीती तिला त्या मारापेक्षा मोठी होती. शपथ मोडावी असं मला रोज वाटायचं, आणि रोज मी गप्प बसायची.

आखाजीला पंधरा दिवस उरले तेव्हा नाना आले. पाणी प्यायले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “वरीस व्हई गयं. लोक काय म्हनतीन? आखाजी व्हयनी का त्या लेवाले येतीन. मी हो म्हनी दिधं.” सासरचे अक्काला न्यायला येणार होते. वडिलांनी पेपरात डोकं घातलं. आई स्वयंपाकघरात गेली. मशीनचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने परत सुरू झाला.

त्याच आठवड्यात जपानीण घर सोडून निघाली होती. पाठीवर बोचकं, गुडघाभर बर्फ. आता दोनच भाग उरले होते. अक्का काज करता करता म्हणाली, “ती मांगे गयी तं मी जासू. नही गयी तं नही.” मला आधी हसू आलं. लोक देवाला कौल लावतात, हिने मालिकेला लावला. पण तिच्याकडे बघितलं आणि हसू गेलं. तिला घरात विचारायला दुसरं कोणी नव्हतंच. आई, बाप, काका सगळे असूनही. मी तिला खूप समजावलं, की ही गोष्ट कोणीतरी टेबलावर बसून लिहिलेली असते, तिच्यावर जन्म काय टाकतेस? ती म्हणाली, “मना जलम बी कोनी तरी बठीनच ठरायी राहना ना.”

शेवटच्या भागाच्या आधीच्या आठवड्यात नाना तिला सणासाठी गावी घेऊन गेले. गावात टीव्ही एकच, पंचायतीच्या खोलीत, आणि तिथं पुरुषांची गर्दी. आमच्या घरातल्या बायका तिकडे फिरकत नसत. जाताना एसटीच्या खिडकीतून अक्का मला म्हणाली, “बठ्ठं देखीन ये. काही सोडू नको.” माझी परीक्षा शनिवारी संपणार होती. रविवारी भाग बघून दुपारच्या गाडीने मी गावी जायचं ठरलं.

त्या रविवारी मी टीव्हीपुढे बसले. जपानीण दुसऱ्या गावात मोलमजुरी करत होती. मग निरोप आला, सासू आजारी आहे. मी मनातल्या मनात त्या लेखकाला शिव्या घालायला लागले. ती निघाली. दोन गावांच्या मधल्या लाकडी पुलावर आली, थांबली. आणि लाईट गेली.

मी ताडकन उठून अंगणात गेले, परत आत आले, बटणं खालीवर केली. आई म्हणाली, तुझ्या बटणाने येणार आहे का? शेजारी कोणाकडेच लाईट नव्हती. दहा मिनिटं. मला घड्याळाकडे बघवत नव्हतं. मग पंखा गरगरला, पडदा उजळला, आणि शेवटचं दृश्य दिसलं. जपानीण मागच्या दाराने त्याच घरात शिरली होती आणि सासूच्या अंथरुणाशी वाकून बसली होती. कोणी रडत नव्हतं. नावं वर सरकायला लागली.

मालिका म्हणून तो शेवट फार चांगला होता. आजही मी तेच म्हणेन. मी पिशवी उचलली आणि एसटी स्टँडवर गेले. शिंदखेड्यापर्यंत बसमध्ये एकच गोष्ट घोकत होते, की जे झालं तेच सांगायचं. दुसरं मन म्हणत होतं, मधली दहा मिनिटं तू पाहिलीच नाहीस, तुला काय माहीत काय झालं. अशी पळवाट मी दुसऱ्या कोणाला कधी दिली नसती.

रात्री अक्काने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागे बिबडे घालायला चार बायका जमल्या. घाटा गरम असेपर्यंत थापावा लागतो, त्यामुळे कोणालाच हात काढता येत नाही. अक्का माझ्यासमोर बसलेली, मनगटापर्यंत घाटा. नाना ओट्यावर तंबाखू मळत होते. अक्काकडून ती गोष्ट ऐकलेली एक शेजारीण म्हणाली, “काय वं, त्या जपानीनना काय व्हयनं?” अक्काने मान वर केली नाही, फक्त डावा कान माझ्याकडे केला.

मी सांगायला सुरुवात केली. बर्फ होतं तसंच सांगितलं, मजुरी सांगितली, निरोप सांगितला, पूल सांगितला. आणि पुलावरून मी तिला परत फिरवलं. दुसऱ्या गावात तिने स्वतःची चूल मांडली, स्वतःची चाळणी घेतली, स्वतःचे कागद वाळत घातले. मी आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट बदलली आणि माझा आवाज इतका कापत होता, की हे खोटं आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

नाना तंबाखू मळायचे थांबले. “म्हंजे ती मांगे गयीच नही?”

“नही, नाना,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग तंबाखू तोंडात टाकून ते शेताकडे गेले. अक्का पुढचा बिबडा थापायला लागली.

आखाजी मंगळवारी झाली. अक्का एकदाही झोक्यावर बसली नाही. बुधवारी सकाळी तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर, आले. चहा झाला, बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं होतं, काकूने, म्हणजे अक्काच्या आईने, ओटीचे तांदूळ काढले होते. अक्का मधल्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी येत नही.”

जेठ हसल्यासारखं करून नानांकडे बघायला लागले. नाना उठले तसं वाटलं, आता हे हिला ओढतात. तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, “ह्या कानले माले काहीच आयकू येत नही. कशामुये, ते तुमना भाऊले इचारा.”

नाना तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. कानाजवळ वाकले आणि हळू म्हणाले, “माय.” अक्का समोर बघत होती. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. ती समोरच बघत राहिली. मग नाना जेठांकडे वळले आणि म्हणाले, “पाव्हना, गाडीना टाईम व्हई गया तुमना.” ‘एक झापट’ वगैरे काही ते बोलले नाहीत. काकूने ओटीचे तांदूळ परत डब्यात ओतले.

पुढे अक्काचं देवपुरातच शिवणाचं दुकान झालं. लोक बोलायचे ते बोललेच, आणि नानांना त्याचा त्रास व्हायचा तो झालाच. मला मात्र एक वेगळाच काटा टोचत राहिला. तिचं भलं झालं हे खरं, पण खोट्या कौलावर झालं.

काही वर्षांनी घरोघरी केबल आली आणि तिच्यावर त्या जपानी मालिकेची हिंदी नक्कल लागली. नक्कलच म्हणणार मी. कागदाचं घर जाऊन साड्यांच्या व्यापाऱ्याची हवेली आली. ओढ्यात उभी राहणारी सून झोपेतही लिपस्टिक लावून. सासू दारात आली की ढोल. अक्का आणि मी दुकानात बसून ती रोज बघायचो, म्हणजे ती बघायची आणि मी भांडायची. शेवटच्या भागात सून वाजतगाजत हवेलीत परत आली, सासूने ओवाळलं, कमरेच्या किल्ल्या काढून तिच्या हातात दिल्या. माझा तोल गेला.

“काय हा मूर्खपणा!” मी म्हटलं. “मूळ मालिकेत कुठे होत्या किल्ल्या? ओवाळणं कुठे होतं? ती मागच्या दाराने आली होती, एक शब्द न बोलता!”

बोलून गेले आणि जीभ चावली. मशीन थांबलं. अक्काने दोरा तोडला.

“माले माहीत शे,” ती म्हणाली. “मी देखं व्हतं.”

त्या रविवारी पाण्याला जाते असं सांगून ती निघाली होती आणि पंचायतीच्या खोलीच्या मागच्या खिडकीशी उभी राहिली होती. गावात लाईट होती. खिडकीपर्यंत आवाज पोचत नव्हता, त्यात तिचा एकच कान. पण चित्र दिसत होतं.

“मग मला का सांगू दिलंस?” मी विचारलं. मला राग आला होता आणि डोळेही भरून आले होते.

“तू काय सांगस, ते आयकनं व्हतं.”

पण मूळची खोड कुठे जाते? मी म्हटलं, “ती मधली दहा मिनिटं माझी राहून गेलीत. पुलावर काय झालं?”

अक्का सांगायला लागली. “ती उभी राहनी. लई येळ. बरफ पडी राहनं व्हतं. मंग एकदाव तिनी मांगे देखं. तठे कोनीच नव्हतं. जाऊ नको म्हनाले एक मानूस नव्हतं तिले. मंग गयी.”

पुढे सासूचं अंथरूण कसं होतं, तिथं कंदील कुठे टांगलेला होता, तेही तिने सांगितलं. कंदील तिथं नव्हता, ते दृश्य मी स्वतः पाहिलं होतं. मी तिला मध्ये अडवलं नाही.