नाला गप्प झाला ती दुपार

मागच्या श्रावणातली शनिवारची दुपार. डोणगावला घरी मी धाकट्या बहिणीशी, सुनीताशी, फोनवर बोलत होते. घरात सासूबाई आणि मी, दोघीच होतो. तीन दिवस लागून राहिलेला पाऊस नुकताच थांबला होता.

मध्येच ती म्हणाली, "ताई, आज तुह्याकडं एवढं शांत काऊन हाय?"

आमच्या घरामागून नाला जातो. पावसाळ्यात त्याचा आवाज इतका, की फोनवर ओरडूनच बोलावं लागतं. आणि मी मघापासून हळू बोलत होते... माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

फोन ठेवून मागचं दार उघडलं. सकाळी काठाला टेकलेलं पाणी जवळजवळ आटलं होतं. गाळात मासे तडफडत होते. एवढे मासे, पण एकही बगळा नाही... नुसता चिखलाचा वास.

आणि खाली, नाल्याच्या मधोमध, शेजारच्या शोभाकाकू पाटीत मासे वेचत होत्या.

उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या बायकांना आपत्तीच्या तयारीचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं होतं. तिथल्या सरांनी सांगितलेलं, की पावसाळ्यात पाणी एकाएकी उतरलं तर ते वर कुठेतरी अडलंय असं समजा आणि उंचावर निघा. त्यानंतर मी एक बॅग भरून दारामागच्या खिळ्याला लावली होती. कागदपत्रं, टॉर्च, सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या, शिट्टी. घरचे हसायचे. नवरा तर विचारायचा, कोणत्या गावाला निघालीस म्हणून.

काकूंना हाका मारल्या. त्यांनी हसून पाटी वर करून दाखवली. खाली उतरायची माझी हिंमत झाली नाही, खरं सांगते. शिट्टी काढली आणि वाजवत राहिले... छाती दुखेपर्यंत. काकूंनी पुन्हा मान वर केली. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं माहीत नाही, पण पाटी तिथेच टाकून त्या वर चढल्या.

बॅग खांद्याला, सासूबाईंचा हात धरलेला, अशा आम्ही तिघी टेकाडावरच्या शाळेकडे निघालो. वाटेत दारं ठोकत गेलो, लोक बाहेर येत गेले. शाळेच्या पायऱ्यांवर पोचलो तेव्हा आधी पायाखाली थरथर जाणवली. मग आवाज. आणि मग ते दिसलं... पाणी वाटतच नव्हतं ते, अख्खी झाडं आणि चिखल चालत येत होता. वरच्या छोट्या पुलाखाली ओंडके अडकून तुंबलेलं सगळं एकदम सुटलं होतं, हे नंतर कळलं.

आमच्या घरात खिडकीपर्यंत पाणी चढलं. धान्य गेलं, फ्रिज गेला. गल्लीतलं माणूस मात्र एकही गेलं नाही.

चार दिवसांनी काकू आल्या. त्यांनाही तशीच बॅग भरून हवी होती. भरता भरता थांबल्या आणि म्हणाल्या, "खाली इतकं गप्प होतं बाई... मले वाटे, कोनी तरी मागं उभं राहून आयकून राह्यलं."

अंगावर काटा आला. कारण दारात उभी असताना मलाही अगदी तसंच वाटलं होतं, आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

 मी त्यांच्या बीपीच्या गोळ्या बॅगेत ठेवल्या, चेन लावली. त्या समोर बसून चहा पीत होत्या... त्या घटकेला मला देवाकडे आणखी काही मागावंसं वाटलं नाही.